जुन्या पिकअपमधला येतो-जातो विजेचा बिघाड: शोधायचा कसा आणि कोणत्या क्रमाने

दिवा मधूनच जातो आणि खड्डा लागला की परत लागतो. सेल्फ सकाळी झटक्यात घेतो, दुपारी गरम गाडीत नुसता ‘टक’ करून गप्प बसतो. मीटरचे काटे एकदम खाली पडतात आणि दोन मिनिटांनी जागेवर येतात. गाडी मेकॅनिकसमोर उभी केली की मात्र सगळं ठीक चालतं. मग अंदाजाने बॅटरी बदलली जाते, नंतर आल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र), नंतर सेल्फ. आठवडाभर बिघाड येत नाही, सुटलो असं वाटतं, आणि एका संध्याकाळी तो पुन्हा हजर होतो.

इथे चुकतो तो क्रम. गाडी व्यवस्थित चालत असताना केलेली दुरुस्ती म्हणजे अंधारात मारलेला दगड. म्हणून पुढच्या सगळ्या टप्प्यांत मी एकच नियम धरला आहे: बिघाड हजर असताना मोजल्याशिवाय काहीही बदलायचं नाही. तो हजर नसेल तर आधी त्याला हजर करायचं.

खालचे आकडे १२ व्होल्टच्या गाडीचे आहेत.

## तयारी: हाताशी काय हवं

डिजिटल मल्टिमीटर हवा. त्यात ‘मिन-मॅक्स’ची (सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा धरून ठेवायची) सोय असेल तर उत्तम. सोबत साधा बल्बवाला टेस्ट लॅम्प, चार-पाच मीटर लांब वायर, दोन्ही टोकांना लावायला मगरचिमटे, २१ वॅटचा एक बल्ब होल्डरसकट, तारेचा ब्रश, बारीक पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, पाण्याची फवारणी बाटली आणि केस वाळवायचा ड्रायर. तुमच्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम मिळवाच. वायरींचे रंग त्यावरूनच कळतात. अंदाजाने रंग धरले तर अर्धा दिवस चुकीच्या वायरीमागे जातो.

लांब वायरीच्या एका टोकाला १ किंवा २ अँपिअरचा फ्यूज बसवून घ्या. तपासताना ही वायर चुकून चासीला टेकली तर फ्यूज उडेल, वायर पेटणार नाही.

सावधान. बॅटरी सोडताना आधी निगेटिव्ह काढा, जोडताना निगेटिव्ह शेवटी लावा. पाना पॉझिटिव्हवर असताना बॉडीला टेकला तर मोठा स्पार्क होतो, आणि बॅटरीजवळ हायड्रोजन वायू असू शकतो. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून ‘आल्टरनेटर चालतो का’ हे बघायची जुनी पद्धत पूर्ण सोडा. त्या क्षणी व्होल्टेज एकदम उसळतं आणि आल्टरनेटरचे डायोड किंवा कंट्रोल युनिट जळू शकतं. गाडीत एअरबॅग असेल तर पिवळ्या कपलरला (वायरी जोडणाऱ्या प्लगला) आणि पिवळ्या नळीतल्या वायरींना मीटर किंवा टेस्ट लॅम्प लावू नका.

## टप्पा १: आधी वही, मग पाना

हा टप्पा सगळे गाळतात. माझ्या मते अर्धा शोध इथेच लागतो.

बिघाड आला की लगेच लिहून ठेवा: गाडी थंड होती की गरम, पाऊस किंवा धुणं झालं होतं का, रस्ता खडबडीत होता का, हौद्यात माल होता की तो रिकामा, स्टिअरिंग वळवलेलं होतं का, दार नुकतंच उघडलं-लावलं का, त्या वेळी कोणते दिवे आणि पंखा चालू होता. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: *त्याच क्षणी आणखी काय बंद पडलं?*

शेवटच्या प्रश्नाला वजन आहे. फक्त डावा टेल लॅम्प गेला तर शोध त्या दिव्यापुरता. टेल लॅम्प, मीटरचे दिवे आणि हॉर्न एकत्र गेले तर तिन्हींना समाईक असलेली जागा शोधायची: एखादा फ्यूज, इग्निशन स्विच किंवा अर्थिंग (लोखंडातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीची वाट). डायग्राम उघडा आणि बंद पडलेल्या सगळ्या गोष्टींवर पेन्सिलने खुणा करा. त्यांच्या वायरी जिथे एकत्र येतात तिथून सुरुवात करा.

पाच-सहा नोंदी झाल्या की बिघाडाचा कल दिसायला लागतो:

- फक्त ओल्यात येतो: कपलरमध्ये पाणी, सोललेली वायर, दिव्याच्या काचेची फुटलेली सील.
- इंजिन तापल्यावर येतो, थंड झाल्यावर जातो: सेन्सर, सेल्फचा सोलेनॉइड (विजेच्या चुंबकावर चालणारा भाग), इंधन बंद करणारा सोलेनॉइड, रिलेमधला (विजेवर चालणाऱ्या स्विचमधला) तडकलेला सोल्डरचा टाका.
- खड्ड्यात येतो: सैल टर्मिनल, सैल अर्थिंग, चासीवर घासणारी वायरिंग.
- दार किंवा स्टिअरिंग हलवल्यावर येतो: त्या सांध्यातली वायर आतून तुटलेली.
- भरल्या गाडीतच येतो: चासी आणि हौद्याच्या मध्ये दबलेली वायरिंग.

शेवटचा प्रकार मी एकदा फार उशिरा ओळखला. मागचे सगळे दिवे जायचे, पण कधी जायचे ते कळत नव्हतं. वही धरल्यावर दिसलं की प्रत्येक वेळी गाडीत जड माल होता. माल उतरवला की दिवे परत. वायरिंगचा गठ्ठा चासीच्या कडेवर आला होता आणि हौदा खाली बसला की त्याची एक आडवी पट्टी त्यावर टेकत होती. त्याआधी मी दोन होल्डर आणि एक स्विच बदलून बसलो होतो. ते सगळे चांगले होते.

## टप्पा २: बॅटरी, पण बदलण्यासाठी नाही

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश, १२.२ म्हणजे अर्धी. १२.० च्या खाली असेल तर आधी चार्जरने भरा. उतरलेल्या बॅटरीवर केलेली पुढची कुठलीही मोजणी फसवी निघते.

आता गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढून, इंजिन सुरू होणार नाही असं करा (डिझेलमध्ये इंधन सोलेनॉइडची वायर काढा, पेट्रोलमध्ये पंपाचा रिले काढा) आणि १० सेकंद सेल्फ मारा. या काळात बॅटरीच्या खांबांवर ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. भरलेली बॅटरीही खाली जात असेल तर बॅटरी थकलेली आहे, किंवा सेल्फ जास्त करंट ओढतो आहे.

इथे होणारी चूक: मीटरची टोकं केबलच्या क्लॅम्पवर टेकवली जातात. टोकं शिशाच्या खांबावर टेकवा. क्लॅम्प आणि खांब यांच्यामध्ये पांढरट थर असेल तर दोन्हीकडचे आकडे वेगळे येतात, आणि तो फरक हाच तुमचा बिघाड असू शकतो. म्हणून आधी मोजा, नंतर साफ करा. साफसफाई आधी केली तर पुरावा पुसला जातो.

मोजून झाल्यावर क्लॅम्प काढून खांब आणि क्लॅम्प दोन्ही ब्रशने चकचकीत करा. साचलेलं आम्ल खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, पण ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. घट्ट केल्यावर क्लॅम्प हाताने फिरता कामा नये. बॅटरीही तिच्या पट्टीत घट्ट बसलेली हवी.

## टप्पा ३: ओहम सोडा, लोडखाली व्होल्टेज ड्रॉप मोजा

हे एक तंत्र नीट बसलं की पुढचं बरंच सोपं होतं, म्हणून इथे थोडं थांबतो.

बहुतेक जण वायर तपासताना मीटर ओहमवर लावतात, ‘टूं’ वाजलं की वायर चांगली ठरवतात. वायरीतल्या वीस तारांपैकी एकोणीस तुटल्या आणि एकच उरली, तरी मीटर ‘टूं’ वाजवतो. कारण मीटर स्वतः अगदी थोडा करंट पाठवतो आणि तेवढ्याला एक तार पुरते. त्या वायरीतून हेडलाइटचे साडेचार अँपिअर न्यायचे म्हटले की ती हात टेकते.

आकड्यांत पाहा. ५५ वॅटच्या हेडलाइटच्या वाटेत अर्धा ओहम रोध आला तर जवळपास २ व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि दिवा निम्म्याच्या आसपास उजेड देतो. सेल्फच्या केबलमधून २०० अँपिअर जात असतील तर ०.०१ ओहम रोधसुद्धा २ व्होल्ट खातो. ०.०१ ओहम साधा मीटर मोजूच शकत नाही. व्होल्टेज ड्रॉप मात्र तो सहज दाखवतो.

कृती अशी:

१. ज्या गोष्टीचा बिघाड आहे ती चालू करा. दिवा पेटलेला, हॉर्न वाजत असलेला, सेल्फ फिरत असलेला. करंट वाहत नसेल तर ड्रॉप शून्यच येणार आणि तुम्ही फसणार.

२. मीटर डीसी व्होल्टवर. लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, काळं टोक दिव्याच्या पॉझिटिव्ह पिनवर. मीटरवर येतो तो आकडा म्हणजे पॉझिटिव्ह वाटेत हरवलेलं व्होल्टेज.

३. आता लाल टोक दिव्याच्या अर्थिंग पिनवर, काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर. हे अर्थिंगच्या वाटेत हरवलेलं.

४. आकडा मोठा आला तर वाटेतल्या प्रत्येक सांध्यावर टोक सरकवत जा. ज्या सांध्याच्या अलीकडे आणि पलीकडे आकडा उडी मारतो, तोच दोषी.

चालण्याजोग्या मर्यादा अशा: अर्थिंगच्या पूर्ण वाटेत ०.२ व्होल्टपर्यंत, एका जोडणीत ०.१ पर्यंत, सेल्फच्या पॉझिटिव्ह वाटेत सेल्फ फिरताना ०.५ पर्यंत. दिव्यांच्या पॉझिटिव्ह वाटेत स्विच, फ्यूज, रिले असे बरेच सांधे असतात म्हणून तिथे थोडं जास्त खपवून घ्या, पण १ व्होल्ट जात असेल तर शोध घ्याच.

पुढे जाण्याआधी तपासा: मोजत असताना बिघाड हजर होता का? दिवा व्यवस्थित पेटलेला असताना सगळे आकडे चांगले आले तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. टप्पा ६ किंवा ७ मध्ये बिघाड ओढून आणा आणि परत इथे या.

## टप्पा ४: अर्थिंग, म्हणजे जुन्या पिकअपचं खरं दुखणं

पिकअपची रचना समजून घ्या. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. केबिनही चासीवर रबरी बुशांवर बसते. हौद्याखाली पुष्कळदा रबर किंवा लाकूड असतं. म्हणजे इंजिन, केबिन, चासी आणि हौदा ही चार लोखंडं एकमेकांना आपोआप जोडलेली नसतात. त्यांना जोडतात त्या विणलेल्या पट्ट्या आणि जाड वायरी. वर्षानुवर्षांच्या चिखलाने, पाण्याने आणि नव्या रंगाने त्या खलास होतात.

खुणा ओळखा:

- ब्रेक दाबला की टेल लॅम्प मंद होतो किंवा इंडिकेटर मिणमिणतो. करंटला खाली जायला वाट मिळत नाही, म्हणून तो शेजारच्या बल्बातून परत जातो. इथे बल्ब बदलून काहीही होत नाही.
- सेल्फ मारताना क्लचची किंवा ॲक्सिलरेटरची केबल गरम होते. इंजिनची अर्थिंग पट्टी तुटली आहे आणि सेल्फचा करंट त्या केबलमधून परत जातो आहे.
- हेडलाइट लावले की तापमानाचा काटा सरकतो. केबिनची किंवा मीटरची अर्थिंग कमकुवत आहे.

चार मोजण्या करा, प्रत्येक वेळी काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर. इंजिन ब्लॉकवर लाल टोक ठेवून सेल्फ मारा. मग चासीच्या उघड्या लोखंडावर लाल टोक ठेवून पुन्हा सेल्फ मारा. मग केबिनच्या लोखंडावर, हेडलाइट, पंखा आणि वायपर चालू ठेवून. शेवटी हौद्याच्या लोखंडावर, मागचे सगळे दिवे लावून आणि कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगून. ०.२ च्या वर जिथे जाईल तिथली पट्टी खोला.

खोलल्यावर बोल्टखालचा रंग आणि गंज चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, थिंबल (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) साफ करा, दातेरी वॉशर घाला, घट्ट करा आणि *वरून* ग्रीस किंवा रंग द्या. रंग आधी लावून त्यावर थिंबल कसलं तर अर्थिंग रंगावर बसते. नुकत्याच डेंटिंग-पेंटिंग झालेल्या गाड्यांमध्ये ही चूक मी वारंवार पाहिली आहे.

मूळ पट्टी सापडतच नसेल तर नवी जाड वायर टाकायला कचरू नका. इंजिन ते चासी, चासी ते केबिन, चासी ते हौदा. याने काहीही बिघडत नाही.

## टप्पा ५: चार्जिंग

इंजिन सुरू करून त्याचा वेग जरा वर ठेवा. बॅटरीच्या खांबांवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. हेडलाइट आणि पंखा पूर्ण लावून पुन्हा मोजा. १३.५ च्या खाली घसरत असेल तर पट्टा सैल आहे का बघा, मग आल्टरनेटरच्या जाड टर्मिनलपासून बॅटरीच्या पॉझिटिव्हपर्यंत ड्रॉप मोजा. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर किंवा त्याची वायर दोषी. वरचेवर बल्ब उडण्याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

मग मीटर एसी व्होल्टवर लावून बॅटरीवर तीच मोजणी करा. ०.५ व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसत असेल तर आल्टरनेटरचा डायोड गेला आहे. असा आल्टरनेटर कधी बरा वाटतो, कधी बॅटरी उतरवतो.

## टप्पा ६: फ्यूज, रिले आणि इग्निशन स्विच

फ्यूज डोळ्याने बघून भागत नाही. तार आत केसाएवढी तडकलेली असते आणि गरम झाली की सुटते. टेस्ट लॅम्प फ्यूजच्या पाठीवरच्या दोन्ही उघड्या टोकांना एकेक करून लावा, दोन्हीकडे पेटला पाहिजे. फ्यूज काढल्यावर त्याच्या पात्यांवर तपकिरी डाग किंवा वितळलेलं प्लॅस्टिक दिसलं तर खाच सैल आहे. नवा फ्यूज घातला तरी ती पुन्हा तापेल. खाचेतलं टर्मिनलच बदलावं लागतं.

सावधान. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालू नका. १० ऐवजी ३० अँपिअर घातलात की फ्यूज वाचतो आणि वायरिंग जळतं.

अधूनमधून फ्यूज उडत असेल तर उडालेला फ्यूज काढून त्या खाचेत २१ वॅटचा बल्ब जोडा आणि त्या फ्यूजवरचे दिवे, मोटार वगैरे बंद ठेवा. शॉर्ट असेल तेव्हा बल्ब लख्ख पेटेल, शॉर्ट सुटला की विझेल किंवा मंद होईल. करंट पावणेदोन अँपिअरच्या पुढे जात नाही, त्यामुळे काही जळत नाही आणि फ्यूजही खर्च होत नाहीत. आता गाडीभर फिरून वायरी हलवा. ज्या जागी हात लावल्यावर बल्ब लख्ख होतो, तीच जागा.

रिलेसाठी तशाच क्रमांकाचा दुसरा रिले त्याच पेटीतून उसना घ्या. हॉर्नचा रिले चांगला असतो, कारण तो वाजतो की नाही हे लगेच कळतं. अदलाबदल केल्यावर बिघाड रिलेबरोबर दुसरीकडे गेला तर उत्तर मिळालं. संशयित रिले गरम असताना बोटाने हलकेच टिचकी मारून बघा. रिले ‘टक’ करतो म्हणजे चांगला असं धरू नका. आवाज कॉइलचा असतो, आतले जळालेले पॉइंट आवाज करत नाहीत. ३० आणि ८७ या (मुख्य करंट नेणाऱ्या) पिनांमधला ड्रॉप लोडखाली मोजा.

इग्निशन स्विच जुन्या गाडीत झिजतो. किल्ली ‘ऑन’ला ठेवून अगदी थोडी मागे-पुढे हलवा. दिवे लुकलुकले किंवा इंजिन अडखळलं तर स्विचचे पॉइंट गेले आहेत. किल्लीच्या जुडग्याला लोंबणारं वजन असेल तर ते आजच काढा.

## टप्पा ७: बिघाडाला ओढून आणा

इथे घाई करायची नाही. दुरुस्ती नाही, फक्त छळ करायचा, आणि तोही एका वेळी एकाच गोष्टीचा.

संशयित गोष्ट चालू ठेवा, मीटर किंवा टेस्ट लॅम्प दिसेल असा बांधा. मग गठ्ठा एका टोकाकडून हाताने हलवत, वाकवत, किंचित ओढत पुढे सरका. एका वेळी वीतभरच. प्रतिसाद आला की थांबा, खूण करा, मग अर्धी वीत मागे-पुढे करून जागा आवळत आणा.

पिकअपमध्ये आधी पाहायच्या जागा:

- दाराच्या बिजागरीतली रबरी नळी. सोलून आत बघा. वायरीचं आवरण अखंड असतं आणि आतलं तांबं तुटलेलं असतं. संशयित वायर दोन बोटांत धरून ताणा. एखाद्या जागी ती रबरासारखी लांबली तर आत तांबं राहिलेलं नाही.
- चासीच्या कडेवरून मागे जाणारा गठ्ठा, विशेषतः क्लिप तुटलेल्या जागा, सायलेन्सरजवळ, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या वर.
- टेल लॅम्पच्या मागचे कपलर आणि ट्रेलरचं सॉकेट. हिरवट भुकटी दिसली की गंज वायरीच्या आवरणाखालीही गेलेला असतो. काळं पडलेलं तांबं कापत मागे जा, चकचकीत तांबं दिसेपर्यंत.
- इंजिन हलतं तिथे आल्टरनेटर आणि सेल्फच्या वायरी.
- डॅशबोर्डखाली नंतर जोडलेलं सगळं: म्युझिक सिस्टिम, जादा हॉर्न, फॉग लॅम्प, ट्रॅकर. माझा अनुभव असा की मूळ वायरिंगपेक्षा नंतरच्या जोडण्यांतच जास्त बिघाड सापडतात. वायर टोचून पकडणारे प्लॅस्टिकचे क्लिप दिसले की तिथे आधी हात घाला.

हलवून काही मिळालं नाही तर उष्णता द्या. ड्रायरने एकच भाग, उदाहरणार्थ एक रिले किंवा एक सेन्सर, गरम करा. मग ओलावा द्या: फवारणीने एक-एक कपलर भिजवा आणि पाच मिनिटं थांबा. उलटही करता येतं. गरम गाडीत सेल्फ घेत नसताना सोलेनॉइडवर ओलं फडकं ठेवा. दहा मिनिटांनी सेल्फ घेतला तर संशय तिथे ठेवा, पण निकाल देण्याआधी बिघाड हजर असताना सोलेनॉइडच्या बारीक वायरीवरचं व्होल्टेज मोजा. तिथे पुरतं बॅटरी व्होल्टेज येत असूनही सेल्फ घेत नसेल आणि जाड केबलचा ड्रॉप व अर्थिंग ठीक असेल तरच सेल्फ काढा.

सर्वांत महागात पडणारी चूक: मोजण्याआधी एकामागून एक कपलर काढून लावणे. काढ-घाल करताना पिनांवरचा गंज खरवडला जातो, जोडणी तात्पुरती बरी होते आणि बिघाड महिनाभर दडी मारतो. कुठला कपलर दोषी होता ते मग कळत नाही. कपलरमध्ये मोजायचं तर तो न काढता मागच्या बाजूने, वायरीच्या कडेने बारीक पिन सरकवा.

## टप्पा ८: चालत्या गाडीत पकडणे

काही बिघाड उभ्या गाडीत येतच नाहीत. चालता चालता इंजिन बंद पडणं हा त्यातला मोठा. यासाठी फ्यूज लावलेली ती लांब वायर वापरा. मेकॅनिकल पंपाच्या डिझेलमध्ये इंधन सोलेनॉइडच्या वायरीवर तिचं फ्यूजवालं टोक जोडा, दुसरं टोक केबिनमध्ये आणून लहान बल्बाला द्या, बल्बाची दुसरी बाजू पक्क्या अर्थिंगला. वायर पेडल, स्टिअरिंग आणि पंख्यापासून दूर बांधा.

आता गाडी चालवा आणि बल्बावर लक्ष ठेवायला शेजारी कोणाला तरी बसवा. इंजिन अडखळलं त्या क्षणी बल्ब विझला तर वीज तुटते आहे: स्विच, फ्यूज, रिले, वायर. बल्ब पेटलेलाच राहिला आणि इंजिन गेलं तर त्या वायरीचा दोष नाही, सोलेनॉइड किंवा इंधनाची वाट पाहा. एका फेरीत प्रश्न अर्ध्यावर येतो. पुढच्या फेरीत बल्ब एक सांधा मागे न्या.

सावधान. कंट्रोल युनिटला जाणाऱ्या सेन्सरच्या वायरींवर बल्ब लावू नका. बल्ब ओढतो तो करंट युनिटला सोसत नाही. तिथे मीटरच, मिन-मॅक्सवर. मात्र अगदी क्षणभराची तुटणी काही मीटर टिपत नाहीत, हे लक्षात ठेवा.

## टप्पा ९: उभ्या गाडीत बॅटरी उतरत असेल तर

दार उघडून कुलपाची जीभ स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकला, म्हणजे केबिनचा दिवा विझेल. दिवा दाराच्या चौकटीतल्या बटणावर चालत असेल तर ते बटण दाबून चिकटवा. बॉनेट उघडं ठेवा. बॅटरीचं निगेटिव्ह काढून मीटर १० अँपिअरवर लावून मध्ये जोडा. अर्धा-पाऊण तास थांबा, कारण गाडीतली युनिटं झोपायला वेळ घेतात. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल.

५० मिलिअँपिअरपर्यंत चालतं. जास्त असेल तर फ्यूज एकेक काढा आणि आकडा कधी पडतो ते बघा. फ्यूज काढूनही आकडा पडला नाही तर बॅटरी सोडून आल्टरनेटरची जाड वायर काढा, तिचं टोक टेप लावून झाका आणि पुन्हा मोजा. येतो-जातो प्रकार असेल तर एक दिवस आकडा चांगला आला म्हणून सोडू नका. चिकटणारा रिले आठवड्यातून एकदाच चिकटतो. सकाळी गाडीजवळ गेल्यावर सगळ्या रिलेंना हात लावून बघा. रात्रभर उभ्या गाडीत एखादा कोमट लागला तर तोच.

## टप्पा १०: दुरुस्ती आणि खात्री

तुटलेली वायर नुसती पिळून टेप लावू नका. त्याच जाडीची वायर, नीट क्रिंप केलेली (पक्कडीने दाबून बसवलेली) जोडणी आणि आतून गोंद असलेली हिट-श्रिंक स्लीव्ह वापरा. जिथे वायर हलते तिथे, म्हणजे दारात किंवा इंजिनजवळ, सोल्डर टाळा. सोल्डर तारांमध्ये वर चढतो, वायर तिथे ताठ होते आणि त्याच्या कडेला पुन्हा तुटते. जोडणी बिजागरीच्या वाकात ठेवू नका, सरळ भागात न्या. दुरुस्त केलेला गठ्ठा घडीदार नळीत घालून पुन्हा बांधा. मूळ क्लिप तुटली म्हणूनच बहुधा तो घासला होता.

एका वेळी एकच दुरुस्ती करा. मग जी परिस्थिती बिघाड आणत होती तीच मुद्दाम उभी करा: तेवढाच माल, तोच रस्ता, तेवढंच तापलेलं इंजिन, तीच फवारणी. आधी ज्या जागी १.८ व्होल्ट ड्रॉप आला होता तिथे आता किती येतो ते मोजा आणि वहीत जुन्या आकड्याशेजारी लिहा. बिघाड आठवड्यातून दोनदा येत असेल तर तीन आठवडे तरी वही चालू ठेवा. लांब वायर आणि बल्ब त्या दिवसापर्यंत गाडीतच राहू द्या.